तांदळाचे दाणे, ६४ घरं आणि १८४४६७४४०७३७०९५५१६१५

आठवीचा_बाबा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

तर झालं असं की लेक आठवीत आहे, शाळेने प्रोजेक्ट दिलंय. बुद्धिबळाच्या पटाची ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं दुप्पट करत ६४ घरं आणि राजाचं कोठार रिकामं. एकूण दाणे किती ते काढून तक्ता करायचा. मी म्हटलं हात्तिच्या, एक्सेल कशासाठी आहे, वरच्या सेलला गुणिले २ केलं, खाली ओढलं, बेरीज मारली. उत्तर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. प्रिंट काढून हातात दिली.

पोरगी प्रिंटकडे बघून म्हणते, "बाबा, हे चुकलंय." म्हटलं अगं कॉम्प्युटर आहे तो. तर म्हणे दुप्पट करत गेलं की शेवटचा अंक २, ४, ८, ६, परत २, ४, ८, ६ असाच फिरतो, शून्य कधी येतच नाही, आणि तुमच्या शेवटच्या घरात चार शून्य आणि बेरजेत पाच. शिवाय पहिल्या घरातला एक दाणा सोडला तर बाकी सगळी घरं सम, मग बेरीज विषमच यायला पाहिजे ना?

मी दहा मिनिटं गप्प. मग चोरून २ चा ६४ वा घात काढला, त्यातून १ वजा करून पाहिला, दोन्हीला तेच उत्तर!! आता पोरीसमोर लाज जायच्या आत कोणीतरी सांगा हे काय चाललंय.

बिट्सपिसे
लाज कसली, पोरगी भारी आहे तुमची.

एक्सेल दाखवताना १५ च अंक दाखवतं, पुढे शून्यं भरतं. तुमच्या शीटमध्ये ५० व्या घरापर्यंत नीट असेल, ५६२९४९९५३४२१३१२. त्याच्या दुप्पट ११२५८९९९०६८४२६२४, हे सोळा अंकी, म्हणून ५१ व्या घरात ११२५८९९९०६८४२६२० दिसेल. बघा आणि सांगा.

पण हा झाला नुसता दाखवण्यातला घोळ, आतमध्ये २ चे घात बरोबरच असतात. बेरजेचं मात्र खरंच बिघडतं. आत आकडा धरायला ५३ बिटांचीच (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं घर) जागा आहे, त्यामुळे ५३ घरांची बेरीज बिनचूक येते आणि ५४ व्या घराला जागा संपते, जवळचा आकडा घेतला जातो आणि एक दाणा जादा मोजला जातो. तो जादा राहिला तो राहिला. म्हणून तुमचं वजा १ केलेलं आणि न केलेलं सारखंच आलं.

खरं उत्तर धाग्याच्या नावातच लिहिलंय तुम्ही, १८४४६७४४०७३७०९५५१६१५. आमच्या धंद्यात हा आकडा रोजचा, ६४ बिटांच्या खणात बिनचिन्हाचा मावेल असा सगळ्यात मोठा. ६४ दिव्यांची माळ लावा, सगळे दिवे पेटलेले, तो हा आकडा. पटावरचं एकेक घर म्हणजे एकेक दिवा.

आठवीचा_बाबा
बघितलं. ५१ व्या घरात शेवटी २०, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. धाग्याच्या नावातला आकडा नेटवरून चिकटवलाय हो, माझा नाही. :)

रिकामटेकडा
पण हा वाचायचा कसा? माझी गाडी अब्जाच्या पुढे जात नाही. एक अब्ज चौऱ्याऐंशी... नाही जमत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मास्तर_निवृत्त
रिकामटेकडा, लहानपणी एकं दहं शतं म्हटलं नाहीत का? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम टाका: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता उजवीकडून मोजत या. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही झाली अठरा स्थानं, भास्कराचार्यांनी लीलावतीत इथेच थांबवलंय. आपला आकडा वीस अंकी, म्हणजे परार्धाच्याही पुढे दोन घरं. तेव्हा सरळ म्हणायचं एकशे चौऱ्याऐंशी परार्ध आणि वर काही. पटावरच्या तांदळाने आपली स्थानांची नावंच संपवली!

बाबा, तुम्हाला एक सुचवतो. एक्सेल बाजूला ठेवा आणि लेकीला हे हाताने करू द्या. ६४ वेळा दुप्पट करायची काहीएक गरज नाही. २, ४, १६, २५६, ६५५३६, प्रत्येक वेळी आधीच्याचा वर्ग. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६, हा ३२ वा घात. याचा एकदा वर्ग केला की ६४ वा. सहा वर्गांत काम. शेवटचा वर्ग मोठा आहे पण (अ+ब) चा वर्ग आठवीत आहेच. ४२९४९ आणि ६७२९६ असे पाच-पाच अंकी दोन तुकडे पाडा.

४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१, याच्यापुढे दहा शून्यं.
दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८, याच्यापुढे पाच शून्यं.
६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६.

उभी बेरीज मांडा आणि शेवटी एक वजा करा. मी वर लिहिलंय ते तिला दाखवू नका, तिचं तिला काढू द्या.

घाटावरची
मास्तर __/\__ 
आम्हाला असं कोणी शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

आठवीचा_बाबा
मास्तर, काल रात्री कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केलं. पहिल्यांदा चुकलं, हातचा राहिला एक. आजोबा (माझे वडील) टीव्ही बघता बघता म्हणाले बीजांक काढून बघा. म्हणजे अंकांची बेरीज, त्याची परत बेरीज, एक अंक उरेपर्यंत. २, ४, ८, ७, ५, १ असे बीजांक फिरत राहतात, सहा-सहाने. ६४ म्हणजे ६० आणि ४, चौथा ७, म्हणजे ६४ व्या घाताचा बीजांक ७ यायला हवा. आमचा ६ येत होता. शोधला हातचा. मग आला १८४४६७४४०७३७०९५५१६१६, अंकांची बेरीज ८८, १६, ७. आजोबांनी टीव्हीचा आवाज परत वाढवला. :)

बिट्सपिसे
आजोबांना दंडवत. पण आता गंमत बघा, एक्सेलच्या त्या चुकीच्या उत्तराचा बीजांक काढा. १८४४६७४४०७३७०९६०००००, बेरीज ७०, म्हणजे ७!! हापण पास! दोन्हीतला फरक ४८३८४ आणि तो नेमका ९ ने भागला जातो. बीजांक चुकला तर उत्तर नक्की चूक, पण बीजांक जुळला म्हणून उत्तर बरोबर असं नाही. तुमच्या लेकीची शेवटच्या अंकाची कसोटी इथे जास्त कामाची निघाली.

चकलीताई
मी गणितातली नाही पण स्वयंपाकघरातली आहे. :) तुमचा धागा वाचून वाडा कोलमचे १००० दाणे मोजले, दुपारचा तास गेला, नवरा म्हणे डोक्यावर परिणाम झालाय. भाजी तोलायच्या डिजिटल काट्यावर १२ ग्रॅम भरले. म्हणजे एक दाणा १२ मिलिग्रॅम. आता हिशोब:

पहिली ओळ, ८ घरं, २५५ दाणे, ३ ग्रॅम. चिमूट.
दोन ओळी, ६५५३५ दाणे, पाऊण किलोच्या जरा वर. दोन माणसांच्या घरात चार दिवस भात.
तीन ओळी, दोन क्विंटल.
अर्धा पट, साडेएक्कावन्न टन, पाच-सहा ट्रक. राजाला अजून काहीच वाटणार नाही.
पूर्ण पट? २२ हजार १०० कोटी टन!! आपल्या देशात वर्षाला साधारण १४ कोटी टन तांदूळ पिकतो, म्हणजे दीड हजार वर्षांच्या वर सगळा देश उपाशी ठेवून हाच माणूस खाणार. सगळ्या जगाचा तांदूळ धरला तरी सव्वाचारशे वर्षं.

रिकामटेकडा
ताई, बासमती घेतला असतात तर अजून वाढलं असतं, दाणा जड.

चकलीताई
बासमतीचे १००० दाणे मी मोजणार नाही, तुम्ही मोजा. तसंही नाव रिकामटेकडा आहे.

घाटावरची
ही गोष्ट खरी कुठली? माझ्या मल्याळी शेजारणीकडे वेगळी आहे, अंबलप्पुळाच्या देवळातली. राजाला बुद्धिबळाचं वेड, कृष्ण साधूच्या वेशात येतो, डाव जिंकतो आणि असेच दाणे मागतो, राजाला ते फेडता येत नाही म्हणून रोज पायसम वाटायचं. तिथलं पालपायसम मी खाल्लंय, कर्ज असंच फेडावं!

बिट्सपिसे
कोणी रचली ते कोणी सांगू शकत नाही, पण लिखित नोंदी जुन्या आहेत. इब्न खल्लिकान हा चरित्रकार तेराव्या शतकात सांगतो, त्याच्याकडे शोध लावणारा सिस्सा नावाचा आणि राजा हिंदुस्थानचा. त्याच्याही आधी, इ. स. १००० च्या सुमारास, अल-बिरुनीने हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत बरोबर काढलाय, तोच ज्याने पुढे भारतावर ग्रंथ लिहिला. आणि मास्तरांनी सांगितली तीच युक्ती, वर्गाचा वर्ग करत जायचं. अरबी-युरोपी गोष्टीत गहू असतो, गव्हाचा दाणा तर ताईंच्या कोलमपेक्षा तिपटी-चौपटीने जड.

ओम_गणिताय
सर्वांना नम्र विनंती, आपल्या संस्कृतीची माहिती द्या मुलांना. काशीच्या मंदिरात हजारो वर्षांपासून हिऱ्याच्या तीन दांड्या आणि सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी रात्रंदिवस त्या एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर नेतात, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही, काम पूर्ण होईल त्या दिवशी सृष्टीचा अंत. लागणाऱ्या हालचाली १८४४६७४४०७३७०९५५१६१५! आपले पूर्वज काय होते बघा. पुढे पाठवा.

बिट्सपिसे
आकडा बरोबर, बाकी सगळं फ्रेंच. हे कोडं एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये खेळणं म्हणून बाजारात आणलं, खोक्यावर नाव क्लाउस, जे लुकासचीच अक्षरं उलटीसुलटी करून केलेलं. काशीच्या देवळाची कथा त्या खेळण्याच्या जाहिरातीतलीच. काशीत असं देऊळ नाही.

ओम_गणिताय
तुम्हाला सगळं परदेशीच दिसतं.

मास्तर_निवृत्त
ओमराव, रागावू नका. अभिमान बाळगायला खऱ्या गोष्टी भरपूर आहेत, खाली एक सांगतोच. पण तुमच्या निरोपातला हिशोब मात्र मुलांना दाखवण्यासारखा आहे. वरच्या चकत्या बाजूला काढा, तळाची हलवा, वरच्या परत आणून ठेवा, म्हणजे दर चकतीला काम दुप्पट आणि एक. १, ३, ७, १५, ३१... आपलीच मालिका. सेकंदाला एक हालचाल धरली तर साधारण ५८,४५० कोटी वर्षं. विश्वाचं आजवरचं वय १,३८० कोटी. तेव्हा सृष्टीच्या अंताची इतक्यात काळजी नको.

आता लीलावती. इ. स. ११५० चा ग्रंथ. त्यात एक उदाहरण आहे, एका माणसाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट करत महिनाभर देण्याचं कबूल केलं, तर एकूण किती निष्क दिले? आपल्याच पटाची गोष्ट, फक्त ३० घरांची आणि दोनपासून सुरू. बेरीज २१४७४८३६४६ कवड्या. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. उत्तर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी दरवर्षी फळ्यावर हे उदाहरण टाकायचो, त्या शेवटच्या सहा कवड्या जुळल्या की पोरं बाक वाजवायची.

चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. कोणी गेलात तर जरूर बघा.

बिट्सपिसे
मास्तर!!! २१४७४८३६४६?? मी खुर्चीतून उठलो. यात एक मिळवला की २१४७४८३६४७, तो ३२ बिटांच्या चिन्हासकट खणाची कमाल. याच आकड्यापायी २०१४ मध्ये यूट्यूबवर त्या कोरियन नाचाच्या व्हिडिओला मोजणी वाढवून द्यावी लागली होती. याच आकड्यापायी १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी (आपली वेळ) जुन्या सिस्टिमांची घड्याळं भरणार आहेत. वर हा आकडा मूळ संख्या आहे, ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये सिद्ध केलं. भास्कराचार्य एका कवडीने मागे राहिले!

रिकामटेकडा
एका दिवशी दोनऐवजी तीन कवड्या दिल्या असत्या तर...

घाटावरची
मग ६४ घरांचा आकडा पण मूळ संख्या आहे का?

आठवीचा_बाबा
शेवटी १५ आहे की, ५ ने जाणार.

मास्तर_निवृत्त
५ नेच नाही. आता खरी मजा येते, आणि एवढा मोठा आकडा असूनही कॅल्क्युलेटर लागत नाही. लेकीला जवळ बसवा. तिला अ वर्ग वजा ब वर्ग येतं ना?

२^६४ − १ म्हणजे २^३२ चा वर्ग वजा १ चा वर्ग. म्हणून (२^३२ + १)(२^३२ − १). दुसरा कंस परत तसाच फुटतो, (२^१६ + १)(२^१६ − १). परत. परत. कांदा सोलल्यासारखं. शेवटी हातात राहतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वीस अंकी राक्षस आठवीच्या एका सूत्राने पाच वार करून सहा तुकडे झाला. पहिले पाचही मूळ आहेत. याच संख्या बघून फर्मा हा फ्रेंच गणितज्ञ सतराव्या शतकात म्हणाला की २ चा २, ४, ८, १६, ३२ असा घात घेऊन १ मिळवला की मूळ संख्याच मिळते. शंभरएक वर्षं कोणाला खोडता आलं नाही, सिद्धही करता आलं नाही. १७३२ मध्ये ऑयलरने सहावी फोडली. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. त्यानंतर आजवर फर्माची सहावी मूळ संख्या कोणालाही सापडलेली नाही, पाचावरच गाडी अडलीये.

म्हणजे पूर्ण अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. प्रत्येक एकदाच. म्हणून विभाजक २ चा ७ वा घात, १२८.

रिकामटेकडा
पण ६४१ ऑयलरला सापडला कसा? ३, ७, ११ करत बसला? तेव्हा लाइट पण नव्हते.

बिट्सपिसे
नाही, त्याने आधी उमेदवार कमी केले. समजा म ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. आता २, ४, ८, १६ असे घात घेत म ने भागून नुसत्या बाक्या लिहा. ३२ व्या पावलाला बाकी −१ येणार (कारण १ मिळवला की भागलं जातं), म्हणून ६४ व्या पावलाला +१. चक्र बरोबर ६४ चं, कमी नाही. फर्माचंच दुसरं प्रमेय सांगतं की म−१ पावलांनी बाकी १ येतेच. म्हणजे म−१ मध्ये ६४ ची चक्रं पूर्ण बसली पाहिजेत. म्हणजे म हा ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येणारा आकडा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातले मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला शिकार. फर्माचा दावा फर्माच्याच प्रमेयाने मारला.

आणि भागाकार न करताही दिसतं. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, त्याचा चौथा घात घेतला की ६२५ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ चालतो. −१६ × २^२८ म्हणजे −२^३२. त्याची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसातल्या व्हाइटबोर्डवर लिहून ठेवलं होतं, मॅनेजरने विचारलं कुठल्या क्लायंटचं आहे.

घाटावरची
हे तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा कळलं. −१६ वाली ओळ काय सुंदर आहे!

वटवट_वसंत
सगळं ठीक पण याचा उपयोग काय? पोराबाळांचा वेळ घालवताय. त्यापेक्षा स्कॉलरशिपचे पेपर सोडवून घ्या.

चकलीताई
मी तांदूळ मोजण्यात तास घालवला, मला कोणी विचारलं नाही उपयोग काय. (नवऱ्याने विचारलं.)

मास्तर_निवृत्त
वसंतराव, एक उपयोग सांगतो, पटला तर बघा. कंपास आणि पट्टीने कुठले सुसम बहुभुज काढता येतात? त्रिकोण, पंचकोन येतात, सप्तकोन येत नाही. १७९६ मध्ये गाउस नावाच्या १८ वर्षांच्या पोराने सांगितलं की १७ बाजूंचा येतो. पुढे कळलं की विषम बाजू हव्या असतील तर बाजूंची संख्या फर्माच्या मूळ संख्यांच्याच गुणाकाराची हवी, प्रत्येक एकदाच. म्हणजे आपल्या अर्ध्या पटाची बेरीज घ्या, ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. एक सोडून तिचे विभाजक ३१. विषम बाजूंचे जे बहुभुज कंपासने काढता येतात हे आपल्याला ठाऊक आहे ते एवढेच, ३१. अर्ध्या पटावरचा तांदूळ आणि कंपासपेटी यांचा काय संबंध, सांगा बरं. स्कॉलरशिपला हे विचारत नाहीत, हे खरं.

वटवट_वसंत
बरं.

नाशिकची_द्राक्षं
अवांतर: देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं नाव अजून कसं आलं नाही? ६१७४ वाले. शाळेत शिकवता शिकवता आकड्यांशी खेळायचे. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते तिला त्यांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणारी. आपला राक्षस हर्षद आहे का?

आठवीचा_बाबा
हे लेकीनेच सोडवलं, मी नुसता टाइप करतोय. अंकांची बेरीज ८७. ८७ म्हणजे ३ × २९. मास्तरांच्या सात अवयवांत २९ नाही. म्हणून हर्षद नाही. वीस अंकी आकड्याला ८७ ने भागायला मी कॅल्क्युलेटर शोधत होतो तोवर हिचं उत्तर देऊन झालं होतं.

आता तिचा प्रश्न: ६७००४१७ मूळ आहे हे मास्तरांनी सांगितलं म्हणून मानायचं का?

मास्तर_निवृत्त
अजिबात मानू नये! शाबास. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंत तपासायला हवं. पण हा ज्या संख्येतून आला तिचे सगळे मूळ अवयव ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येतात हे आपल्याला माहीत आहे. लुकासने पुढे दाखवलं की १२८ च्या पाढ्यात एक मिळवून बघितलं तरी पुरतं. हे १२८ चं मात्र तूर्त उसनं घेऊ, अकरावीत गेलीस की फेडू. तर २५८८ च्या आत असे मूळ आकडे फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. त्यातला २५७ फर्माच्याच घरातला, आणि फर्माच्या संख्या एकमेकींत सहमूळ असतात (१ सोडून सामाईक विभाजक नाही), म्हणून तोही बाद. चार भागाकार कर बाळा.

आठवीचा_बाबा
केले. ६४१ ला बाकी ४४, ७६९ ला १२०, ११५३ ला ३३४, १४०९ ला ६२२. "आता मानते" असं म्हणाली.

तक्ता पण झाला. वर ताईंचा तांदूळ (श्रेय: "एका काकूंनी मोजले"), मध्ये कांदा सोललेला, खाली एक्सेलची चुकीची प्रिंट लाल पेनाने गोल करून. शाळेत बाईंनी विचारलं कॉम्प्युटर कसा चुकला, तर ५४ व्या घराला जादा मोजलेला दाणा सांगून आली.

पण प्रकरण संपलेलं नाही. मधल्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं पट दुप्पट केला तर, १२८ घरं? हिने लगेच कांदा सोलला, नवीन तुकडा एकच येतो, २^६४ + १. म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, आपल्याच आकड्याहून फक्त २ ने मोठा. आता तो फोडायचाय म्हणते. फुटतो का?

मास्तर_निवृत्त
फुटतो. १८८० मध्ये लँड्री नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी फोडला, वय वर्षं ८२. अवयव किती हे मी सांगणार नाही. तिला एवढंच सांगा, लुकासच्या नियमाने यावेळी २५६ चा पाढा, एक मिळवून. २५७, ७६९, ३३२९, ७६८१... भागाकाराला कॅल्क्युलेटर चालेल, पण पूर्ण अंक दाखवणारा हवा, एक्सेल नको!

रिकामटेकडा
२७४१७७ आहे, गूगल केलं. पाढ्यातला १०७१ वा. एवढं कशाला करत बसायचं.

आठवीचा_बाबा
अहो काय हे!!! ती हा धागा वाचते! वहीत आत्ता ७६८१ चा भागाकार चालू आहे, आजोबा शेजारी बसून बाक्या तपासतायत. तो प्रतिसाद उडवा पटकन.

रिकामटेकडा
संपादनाची मुदत गेली हो, दिसतच नाहीये बटण. तिचा फोन काढून घ्या ना रविवारपर्यंत.

आठवीचा_बाबा
फोन माझाच आहे. टाइप पण मीच करतोय. लपवून ठेवतो.